गोंडीला राज्य नाही, म्हणून शाळाही नाही?

भाषावार प्रांतरचनेचा विषय निघाला की सीमाभागात आपण बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी ही नावे घेतो. ते स्वाभाविकच आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी जो नकाशा अमलात आला, त्याने आणखी एका भाषेचे तुकडे केले आणि त्या भाषेचे नाव आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येते. ती भाषा म्हणजे गोंडी. मराठीचे काही तालुके महाराष्ट्राबाहेर राहिले, ही आपली तक्रार आहे. गोंडीची तक्रार करायची तर कोणत्या राज्याबाहेर राहिलो म्हणून करायची? तिला राज्यच मिळाले नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा अशा एकमेकांना लागून असलेल्या मुलखात ती बोलली जाते आणि या प्रत्येक राज्यात ती अल्पसंख्याकांची भाषा आहे.

ही भाषा म्हणजे डोंगरकपारीतल्या चारदोन पाड्यांची बोली, असा कुणाचा समज असेल तर तो दूर करावा. २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजारांवर लोकांनी आपली मातृभाषा गोंडी असल्याचे नोंदवले. आता राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टाकडे पाहा. त्याच जनगणनेत नेपाळी २९ लाख २६ हजार, सिंधी २७ लाख ७२ हजार, डोगरी २५ लाख ९६ हजार, आपल्या शेजारची कोकणी २२ लाख ५६ हजार, मणिपुरी १७ लाख ६१ हजार, बोडो १४ लाख ८२ हजार. या सगळ्या परिशिष्टात आहेत आणि असाव्यातच. या प्रत्येकीपेक्षा अधिक बोलणारे असूनही गोंडी मात्र बाहेर आहे. जिची संख्या एक कोटीवर आहे ती भिलीही बाहेरच आहे. गृहमंत्रालयापुढे ३८ भाषांच्या मागण्या पडून आहेत, असे उत्तर संसदेत वर्षानुवर्षे दिले गेले. त्या यादीत गोंडी आहे.

संख्या हा निकष नाही, तर मग निकष कोणता? २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी या चार भाषा परिशिष्टात आल्या. त्यांतील बोडोचा प्रवेश हा त्याच वर्षी झालेल्या बोडो कराराचा भाग होता. संथाळीमागे रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास घडवलेली ओल चिकी लिपी होती, तिच्यात वाढलेले साहित्य होते आणि तीन-चार राज्यांत एकाच वेळी आवाज उठवणारा समाज होता. कोकणी १९९२ साली गेली, ती गोव्यातील राजभाषेच्या आंदोलनानंतर आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर. थोडक्यात, भाषेच्या पाठीशी राजकीय बळ उभे राहिले की निकष आपोआप सापडतात. हे सीमाभागाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

गोंडांची संख्या, म्हणजे जमातीची, एक कोटीहून कितीतरी अधिक आहे. म्हणजे बहुसंख्य गोंडांच्या तोंडून गोंडी गेलेली आहे. कुठे तिची जागा हिंदीने किंवा छत्तीसगढीने घेतली, कुठे तेलुगूने, आणि विदर्भात ती मराठीने घेतली. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने, अठराव्या शतकाच्या अगदी प्रारंभी. चांद्याचा परकोट गोंड राजांचा. पुढे भोसल्यांची सत्ता आली, कारभार मराठीत आला, नंतर इंग्रजांच्या शाळा आणि कचेऱ्याही तिथे मराठीतच चालल्या. त्या भागात मराठी ही राज्यकर्त्यांची आणि सावकार-पटवाऱ्यांची भाषा म्हणून गेली. सीमाभागात बसून ‘मराठी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दडपली गेलेली भाषा येते. एटापल्ली-भामरागडच्या माणसाला त्याच शब्दाने वेगळे काही आठवत असेल, याची जाणीव आपण ठेवलेली बरी.

बोली नव्हे, भाषा

सरकारी कागदपत्रांत ‘गोंडी बोली’ असा उल्लेख सर्रास आढळतो. जणू ती वऱ्हाडी किंवा मालवणीसारखी मराठीचीच एखादी बोली असावी. वस्तुस्थिती अशी की गोंडी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. तिचे नाते मराठीपेक्षा तेलुगू-कानडीशी जवळचे. आपल्या वाचकांना हे पटवण्यासाठी व्याकरणाच्या ग्रंथाची गरज नाही, बेळगावच्या बाजारात रोज कानावर पडणारी कानडी पुरेशी आहे. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. गोंडीत उंदी, रंड, मुंड, नालुंग. कानडीत झाडाला मर, गोंडीत मर्रा. उद्या गडचिरोलीचा एखादा गोंड मुलगा बेळगावात आला तर आकडे मोजताना त्याला मराठी मुलापेक्षा कानडी मुलगा जवळचा वाटेल. या मुलाला सहाव्या वर्षी मराठी शाळेत बसवणे आणि ‘त्याची भाषा थोडी अशुद्ध आहे, सुधारेल’ असे म्हणणे यात अज्ञान किती आणि अहंकार किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शाळेत नेमके काय घडते? गुरुजी मराठी, पुस्तक मराठी, मूल गोंडी. पहिली दोन वर्षे मूल गप्प बसते. त्याच्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाते. मग ते शाळा सोडते किंवा आश्रमशाळेत टिकून राहते. टिकले तर गोंड, माडिया, हलबा, कोलाम अशा अनेक घरांतली मुले एकत्र राहत असल्याने वसतिगृहाची समाईक भाषा मराठी होते. दहा वर्षांनी हेच मूल घरी येते तेव्हा आजीशी बोलताना अडखळते आणि पुढे स्वतःच्या मुलांशी मराठीच बोलते. यात कुणी बंदी घातलेली नसते, छडीही उगारलेली नसते. भाषा एका पिढीत घराबाहेर आणि दुसऱ्या पिढीत घरातून जाते. सीमाभागातल्या मराठी माणसाने कानडीसक्तीविरुद्ध सत्याग्रह केला, १९८६ साली हुतात्मे दिले, कारण सक्ती डोळ्यांना दिसत होती. गोंडीच्या बाबतीत सक्तीचा हुकूमच निघत नाही, त्यामुळे विरोध तरी कशाला करायचा हेच समजत नाही.

मारलवाईचा प्रयोग

असे सर्वत्र आणि सर्वकाळ होते असेही नाही. निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली कोमरम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. जमीन आणि जंगल यांसाठीचा तो उठाव होता. त्यानंतर जाग आलेल्या निजाम सरकारने या प्रदेशाचा अभ्यास करण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवले. हायमेनडॉर्फ गोंडांच्या मारलवाई गावी जाऊन राहिले आणि त्यांनी १९४३ साली तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. लिहितावाचता येणारे गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांतूनच शिक्षक घडवले. वाचनमाला गोंडी भाषेत तयार केली आणि ती देवनागरीत छापली, कारण त्या मुलखातल्या गोंडांना मराठी येत होती आणि जे थोडे लिहीत होते त्यांची लिपी तीच होती. राज्याची भाषा उर्दू, बाजाराची मराठी किंवा तेलुगू, आणि पहिलीचे पुस्तक मात्र गोंडी! स्वतंत्र भारतात जे अनेक ठिकाणी जमले नाही ते एका संस्थानी राजवटीत, युद्धाच्या धामधुमीत काही वर्षे जमून गेले.

पुढे हैदराबाद संस्थान विलीन झाले. १९५६ साली राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि त्याच जिल्ह्याचा राजुरा तालुका इकडे आला, तो आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिकडच्या शाळा तेलुगू झाल्या, इकडच्या मराठी. देवनागरीतल्या गोंडी पुस्तकांना दोन्हीकडे वाली उरला नाही. हायमेनडॉर्फ पुढे अनेकदा तिथे गेले आणि आपली योजना कशी विस्कटली ते त्यांनी लिहून ठेवले आहे. पतिपत्नी दोघांचीही समाधी मारलवाईतच आहे. त्यांनी १९४० च्या दशकात केसलापूरच्या नागोबा जत्रेत सुरू करवलेला दरबार अजूनही भरतो आणि अधिकारी तिथे गोंडांची गाऱ्हाणी ऐकतात. दरबार टिकला, वाचनमाला गेली.

त्याच सीमेवर जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगत आले आहेत. माणसांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे. मराठी शाळा आहे, तेलुगू शाळाही आहे. ही गावे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया महाराष्ट्राने २०२५ साली हाती घेतली. दोन राज्ये एका गावावर हक्क सांगतात तेव्हा शाळाही दोन निघतात. गोंडीच्या बाजूने हक्क सांगणारे राज्यच नसल्याने तिची शाळा कुणी काढायची, हा प्रश्न तिथेही कुणाला पडलेला नाही.

आपलेच कलम, आपल्याच राज्यात

आता मुद्द्याचे. सीमाभागातील प्रत्येक निवेदनात आपण घटनेच्या ३५०-अ कलमाचा आधार घेतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे हे कलम सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले, आणि त्याच्याच पाठोपाठच्या ३५०-ब कलमाने भाषिक अल्पसंख्याक आयुक्त हे पद निर्माण झाले. या आयुक्तांचे विभागीय कार्यालय अनेक वर्षे बेळगावातच होते, तेव्हा आपल्याला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्याहीआधी ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने सूत्र ठरवले होते: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तरी त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यावा. हे ‘चाळीस आणि दहा’ आपल्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहे. हेच सूत्र घेऊन गडचिरोली जिल्ह्यात फिरावे आणि चाळीस गोंडी मुले असलेल्या किती शाळा सापडतात व त्यांत गोंडी जाणणारे किती शिक्षक आढळतात, ते मोजावे. २०११ मध्ये महाराष्ट्रात गोंडी बोलणारे चार लाखांहून अधिक होते.

सरकारने केले नाही ते एका गावाने करून पाहिले. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. आधार घेतला तो घटनेचा आणि १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याचा, ज्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. शिक्षण खात्याने ही शाळा अनधिकृत ठरवली. शिक्षणहक्क कायद्याखाली मान्यता नाही, हे कारण. वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. गंमत अशी की त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे स्पष्ट लिहिले आहे. मान्यतेचे कलम खात्याला सापडले, माध्यमाचे सापडले नाही. हेच जर एखाद्या मराठी शाळेबाबत कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने केले असते, तर आपण काय म्हटले असते? मुंबईच्या विधिमंडळात किती आवाज उठले असते?

‘शक्य तोवर’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत मातृभाषा, पण जिथे शक्य असेल तिथे, असेच आहे. शक्य-अशक्य ठरवणारा अधिकारी नेहमी बहुसंख्याकांच्या भाषेचा असतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की गोंड पालकांनाच मराठी किंवा इंग्रजी हवी आहे. ते खरेही आहे. आदिवासी विकास विभागाच्या खर्चाने नामांकित इंग्रजी शाळांत जाणारी मुले आहेत आणि त्यांच्या आईबापांना त्यात सुख वाटते. पण बेळगाव शहरात मराठी पालक काय करतात? पोरे इंग्रजी माध्यमात घालतात आणि संध्याकाळी भाषेच्या मेळाव्याला येतात. म्हणून मराठी शाळा बंद करा, असे आपण म्हणू देतो का? नोकरीची भाषा शिकायची इच्छा आणि घरची भाषा सोडायची इच्छा या एकच नव्हेत. गोंडीत वाचायला शिकलेले मूल तिसरी-चौथीत मराठीकडे वळले तर त्याचे काहीही बिघडत नाही. अक्षर कळलेले असते, शाळेची भीती गेलेली असते. मोहगावसारख्या गावांची मागणी मराठी हाकलून देण्याची नाही.

दुसरा आक्षेप लिपीचा, आणि तो अधिक कठीण आहे. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांत गोंडीची आणखी एक, वेगळीच लिपी निघाली आणि हैदराबादच्या अभ्यासकांनी ती उजेडात आणली. संगणकाच्या जागतिक युनिकोड व्यवस्थेत मसराम लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. याखेरीज देवनागरी आहे, तेलुगू आहे, ओडिया आहे. तरुण गोंड कार्यकर्त्यांना स्वतःची लिपी हवी आहे. ‘तुमच्या भाषेला लिपी नाही’ हा टोमणा ज्यांनी शंभरदा ऐकला त्यांना ती हवी वाटणारच. तरीही आमचे मत असे की शाळेचा प्रश्न लिपीपाशी अडवून ठेवू नये. गोव्यात कोकणीने रोमी आणि देवनागरीच्या भांडणात किती शक्ती घालवली ते आपण जवळून पाहिले आहे. बोडोंनी १९७० च्या दशकात मोठ्या संघर्षानंतर देवनागरी घेतली आणि तिच्यातच पाठ्यपुस्तके केली. गोंडीपुरते पाहिले तर मारलवाईचे उदाहरण घरचेच आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगडात आज देवनागरीत सुरुवात करावी, तेलंगणात हवे तर तेलुगूत, आणि स्वतःची लिपी वरच्या इयत्तांत शिकवावी. अर्थात हा निर्णय गोंडांचा आहे. आपण सांगायचे ते एवढेच की त्या निर्णयाची वाट पाहत सरकारने हात बांधून बसू नये.

तिसरा आक्षेप: कुठली गोंडी? भामरागडची माडिया, बस्तरची मुरिया, आदिलाबादची गोंडी एकमेकांना पुरती कळत नाही. मराठीतही वऱ्हाडच्या माणसाला मालवणी कळत नाही, म्हणून कुणी पहिलीचे पुस्तक अडवले नव्हते. आणि या प्रश्नावर काम झालेलेही आहे. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांना एकत्र बसवून शब्द ठरवणाऱ्या कार्यशाळा २०१४ पासून काही वर्षे झाल्या आणि त्यातून २०१८ साली सुमारे तीन हजार शब्दांचा प्रमाण गोंडी कोश तयार झाला. या कामात कोणत्या विद्यापीठाने पुढाकार घेतला? हम्पीच्या कन्नड विद्यापीठाने. कर्नाटकाशी आपले भांडण जुने आहे आणि ते मिटलेले नाही, पण जे चांगले आहे त्याला चांगले म्हटले पाहिजे. गोंडी बोलणारी लाखो माणसे ज्या महाराष्ट्रात राहतात, तिथल्या विद्यापीठांना हे सुचायला हरकत नव्हती.

दरम्यान गोंडी संस्कृतीचा गौरव मात्र थांबलेला नाही. मोरपिसांचा टोप घालून दिवाळीच्या सुमारास नाचला जाणारा गुसाडी नाच प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात गेला. मारलवाईच्याच कनक राजू यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते वारले. परधान गोंडांची चित्रे जनगडसिंह श्याम यांच्यापासून जगभरच्या दालनांत पोहोचली. हे सारे अभिमानाचेच आहे. पण नाच आणि चित्र यांना भाषांतर लागत नाही, म्हणून ते आपल्याला आवडतात. परधान भाट किकरी वाजवत कुळांच्या ज्या कथा सांगतात, त्या ऐकायला गोंडी यावी लागते. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ नावाचे भाषांतराचे संगणकीय साधन सुरू केले, त्यात गोंडी आहे. यंत्राला गोंडी शिकवता आली, तेव्हा डी.एड. झालेल्या गुरुजींना ती शिकवणे अशक्य आहे असे आता कुणी म्हणू नये.

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणण्यावरून रान उठले. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, असे सगळ्या पक्षांचे लोक बोलले आणि जूनअखेर सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. विरोध योग्यच होता. त्या वेळी एक गोष्ट मात्र कुणी बोलून दाखवली नाही: गडचिरोलीतल्या गोंड मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी आहे, आणि हिंदी आली असती तर ती चौथी ठरली असती. जो युक्तिवाद मराठी मुलासाठी केला, तोच एक पायरी खाली उतरून करायला हवा होता. सीमावासीयांनी तो करावा असे आम्हाला वाटते, आणि यात केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आपला दावा आहे. दिल्लीत आपण अल्पसंख्याकांच्या हक्काची भाषा बोलतो. ‘तुमच्या राज्यात तुम्ही अल्पसंख्याकांना काय दिले?’ असा प्रतिप्रश्न कर्नाटकाचा वकील केव्हाही विचारू शकतो. त्याला मोहगावचे नाव ठाऊक नसेल अशा भ्रमात राहू नये.

तातडीचे काम जनगणनेचे आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणक काय लिहितो यावर पुढची दहा वर्षे युक्तिवाद चालतात, हा अनुभव सीमाभागाने पुष्कळ घेतला आहे. घरात येणारा प्रगणक बहुधा तिथलाच शाळामास्तर असतो. मराठीत प्रश्न विचारला की गोंड माणूस मराठीतच उत्तर देतो आणि रकान्यात ‘मराठी’ पडते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवट-माहूर भागांत अशा नोंदी किती होतात ते तिथले लोक सांगतील. गोंडी संघटनांनी आपल्या माणसांना हा रकाना समजावून सांगायला हवा, आणि मराठी शिक्षक-प्रगणकांनी विचारल्याशिवाय तो भरू नये.